डिझाइनची पदवी नसताना घरसजावटीचा व्यवसाय कसा उभा करावा

घर सजवायला बाहेरचं माणूस बोलावणाऱ्या बहुतेकांना स्वतःची आवड असते. पसंत पडलेले फोटो मोबाइलमध्ये साठवलेले असतात, रंगांची पुस्तिका चाळून झालेली असते, आणि तरी खिडकीला महिनोन् महिने पडदे लागत नाहीत. सोफा आधी घ्यावा की भिंत आधी रंगवावी हे ठरत नाही. घेतलेलं जुळलं नाही तर पैसे वाया जातील अशी धास्ती असते. घरातल्या दोघांचं एकमत होत नाही. या खोळंब्यातून बाहेर काढणं, हे तुमचं काम. कुणीतरी नीट मोजून, हिशेब मांडून "हे घ्या, इथे ठेवा, एवढा खर्च येईल" असं सांगावं आणि काही बिनसलं तर फोन उचलावा, यासाठी लोक पैसे देतात.

हे एकदा ध्यानात आलं की पदवीचा प्रश्न बराच लहान होतो. पैसे घेऊन घरं सजवण्याचा पेशा ज्यांनी रूढ केला त्यांच्यातली एल्सी डी वुल्फ मुळात रंगभूमीवरची अभिनेत्री होती. न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लब या स्त्रियांच्या क्लबची अंतर्गत सजावट तिने केली, तो क्लब १९०७ साली उघडला आणि तिचं नाव झालं. डोरोथी ड्रेपर आणि सिस्टर पॅरिश या अमेरिकेतल्या नामवंत सजावटकारांनीही डिझाइनचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. मात्र या तिघींची श्रीमंत वर्तुळात ऊठबस होती, ही गोष्ट प्रेरणादायी लेखांत सोयीस्करपणे गाळली जाते. तुमच्याकडे तशा ओळखी नसतील तर ती उणीव पद्धतशीर कामाने भरून काढावी लागेल.

आधी कुंपण घाला

कशाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून काढा. भिंत पाडणं किंवा सरकवणं, तुळई, खांब, गॅसची लाइन, पाण्याचे नळ नव्याने फिरवणं, विजेची वायरिंग बदलणं ही कामं परवानाधारक माणसांची आहेत. तुमच्या सल्ल्यावरून कुणी भिंतीला छिन्नी लावली आणि ती भार पेलणारी निघाली, तर "मी फक्त सुचवलं होतं" या वाक्याला काही किंमत उरत नाही.

तुमच्याकडे उरतं ते असं: रंग, पडदे, कापड, फर्निचरची निवड आणि मांडणी, दिवे, गालिचे, चित्रं, आरसे, साठवणीच्या सोयी. एवढ्यावर व्यवसाय आरामात चालतो. पाटीवर काय लिहायचं तेही बघून घ्या. आर्किटेक्ट हे बिरुद पुष्कळ देशांत कायद्याने राखीव आहे, आणि काही ठिकाणी इंटिरिअर डिझायनर म्हणवून घ्यायलाही परवाना लागतो. आपल्या भागातला नियम तपासा. शंका असेल तर गृहसजावटकार किंवा होम डेकोरेटर म्हणा, त्यात कमीपणा नाही.

टेप हातात घ्या

शिकायला सुरुवात बहुतेक जण रंगसंगतीपासून करतात. माझं मत उलट आहे: मोजमापापासून करा. रंग मनासारखा उतरला नाही तर पुन्हा मारता येतो, पण दारातून आत न जाणारा सोफा परत पाठवावा लागतो आणि त्याचं भाडं कुणी भरायचं यावर भांडण होतं.

खोलीचं कच्चं चित्र कागदावर काढा. दारापासून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने एकेक भिंत मोजा, म्हणजे काही सुटत नाही. मापं मिलिमीटरमध्ये लिहा, "साधारण सहा फूट" असलं काही वहीत नको. खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या, कारण जुन्याच काय, नव्या घरांतल्या चौकटीही सरळ असतीलच असं नाही. चौकटीच्या आत बसणारा ब्लाइंड असेल तर यातलं सर्वांत लहान माप धरा. छताची उंची चारही कोपऱ्यांत बघा.

कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, हे पाहायची सोपी रीत आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६० सेंटिमीटरवर खूण करा, दुसरीवर ८० वर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १०० आलं तर कोपरा काटकोनात आहे. कमी-जास्त आलं तर तिथे भिंतीला चिकटून बसणारं कपाट करताना सुताराला आधीच सांगा. उभी भिंत ओळंब्यात, म्हणजे वरपासून खालपर्यंत सरळ, आहे का तेही बघा. उंच पुस्तकांचं शेल्फ तिथेच उघडं पडतं.

आणखी काही नोंदी हव्यात: दार कुठल्या बाजूला आणि किती उघडतं, स्विच आणि प्लग जमिनीपासून किती उंचीवर आहेत, खिडकीखालची जागा, एसी, भिंतीच्या तळाची पट्टी. मग घराबाहेर या आणि जिना, जिन्याचं वळण, लिफ्ट दारापासून मागच्या भिंतीपर्यंत किती आत जाते ते आणि मुख्य दाराची मोकळी रुंदी मोजा. या शेवटच्या चार मापांचा आळस करू नका. लेझर मीटर लांब अंतरांना उत्तम, पण पडद्याच्या मापाला स्टीलचा टेपच वापरा.

घरी आल्यावर हे सगळं १:५० प्रमाणात काढा, म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे खोलीतला १ मीटर. आलेख कागदावर केलंत तरी चालेल. सोफा, टेबल, पलंग यांचे त्याच प्रमाणात तुकडे कापून सरकवत बसा. संगणकावरची सॉफ्टवेअर नंतर शिका. प्रमाणाची जाण हाताने काम केल्यावर लवकर येते.

पाठ असावेत असे आकडे

सोफा आणि त्याच्यासमोरचं टेबल यांत ४० ते ४५ सेंटिमीटर. रोजच्या वहिवाटीच्या वाटेला ७५ ते ९०. जेवणाच्या टेबलाची कड आणि मागची भिंत यांत किमान ९०, नाहीतर खुर्ची ओढून उठता येत नाही. टेबलावर दरमाणशी ६० सेंटिमीटर रुंदी. टेबलावर लोंबणारा दिवा पृष्ठभागापासून ७५ ते ८५ वर. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५०. बहुतेक घरांत चित्रं याहून वर टांगलेली असतात आणि म्हणून ती छताकडे पळाल्यासारखी दिसतात. हे आकडे काही शास्त्र नाहीत. घरातली माणसं उंच असतील, कुणी चाकाच्या खुर्चीत असेल, तर बदला. पण का बदलताय ते सांगता आलं पाहिजे.

पडद्याचं गणित मात्र नीट शिका, कारण नवख्यांचे पैसे तिथेच बुडतात. समजा खिडकी १८० सेंटिमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना २० वाढवून रॉड २२० चा घेतला. पडद्याला चांगली चूण पडायला रॉडच्या दोन ते अडीच पट कापड लागतं. सव्वादोन पट धरली तर ४९५ सेंटिमीटर. कापडाचा पन्हा, म्हणजे ताग्याची रुंदी, १३७ असेल तर ४९५ भागिले १३७ म्हणजे साडेतीनच्या थोडं वर, म्हणून ४ पन्हे, प्रत्येक पडद्याला दोन. चार पन्ह्यांचे ५४८ होतात, त्यातले कडेच्या दुमडीत आणि जोडांत काही जातात, बाकीचे पुरतात. आता उंची: तयार पडदा २५० हवा, वर-खाली दुमडीला मिळून ३० धरा, झाले २८०. साधं कापड असेल तर ४ गुणिले २८० म्हणजे ११.२ मीटर.

पण कापडावर ६४ सेंटिमीटरने पुन्हा येणारी नक्षी असेल तर प्रत्येक तुकडा नक्षीच्या पूर्ण पटीत कापावा लागतो. २८० मध्ये ६४ चार वेळा जाऊन उरतं, म्हणून पाच पट, म्हणजे ३२०. चार पन्ह्यांचे १२.८ मीटर. १.६ मीटरचा हा फरक नंतर आणायला गेलात तर त्याच रंगणीचा तागा दुकानात शिल्लक असेलच असं नाही, आणि दोन ताग्यांतली छटा शेजारी-शेजारी टांगल्यावर लगेच कळते. वॉलपेपर आणि रंगाच्या डब्यांनाही हेच लागू: एका भिंतीला एकाच बॅच क्रमांकाचा माल.

रंग, उजेड, कापड

रंगपुस्तिकेतल्या बोटभर चौकोनावरून भिंतीचा रंग ठरवू नका. साठेक सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्या आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी, रात्री दिव्याखाली, वेगवेगळ्या भिंतींना लावून गिऱ्हाइकाला दाखवा. एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात आणि सोफ्याचं कापड व पडदा जुळवताना तो हमखास आडवा येतो. म्हणून दुकानातल्या पांढऱ्याफेक उजेडात अंतिम निवड नको. नमुना घरी न्या.

दिव्यांच्या खोक्यावरचे दोन आकडे वाचायला शिका. एक केल्व्हिन, म्हणजे उजेड पिवळसर की पांढरा याचं माप: २७०० ते ३००० चा उजेड पिवळसर आणि निवांत, बैठकीला व झोपायच्या खोलीला बरा, ४००० चा पांढऱ्याकडे झुकणारा, कामाच्या जागेला. दुसरा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप. ९० किंवा वरचा घ्या. एकाच खोलीत २७०० आणि ६५०० चे दिवे मिसळलेले दिसले तर फक्त बल्ब बदलूनही खोली सुधारते. पहिल्या भेटीतच हा बदल करून दाखवला की समोरच्याचा विश्वास बसतो.

भिंत खडबडीत असेल तर मॅट रंग. चकचकीत रंगात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा बाजूच्या उजेडात उठून दिसतो. रंगाचा अंदाज काढताना तयार भिंतीवर एका लिटरमध्ये एका हाताला १० ते १२ चौरस मीटर धरा, पण डब्यावरचा आकडा अंतिम. सोफ्याच्या कापडाची मार्टिनडेल घर्षण चाचणी विचारा. रोजच्या वापराला २० ते २५ हजार फेऱ्यांच्या वरचं कापड घ्यावं. दुकानदाराला हा आकडा माहीत नसेल तर तो कंपनीकडून मागवून घ्यायला सांगा.

पहिली कामं

स्वतःची एक खोली करा, पण गिऱ्हाइकाची असल्यासारखी: माप, आराखडा, खर्चाचा तक्ता, खरेदीची यादी, सगळं कागदावर. त्यानंतर ओळखीतली दोन-तीन घरं. इथे एक आग्रहाचं सांगणं: फुकट करू नका. फुकट कामाला मुदत नसते, मर्यादा नसते आणि मामेबहिणीचा "जाता जाता एवढं बघशील का गं" हा फोन वर्षभर चालतो. दर कमी लावा, पण बिलावर पूर्ण दर लिहून खाली सूट दाखवा. बदल्यात फोटोंची परवानगी आणि दोन ओळींचा अभिप्राय मागून घ्या.

फोटो आधी आणि नंतर एकाच जागेवरून, दिवसाच्या उजेडात, घरातले दिवे बंद करून, कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि उभ्या रेषा सरळ ठेवून काढा. फोटोखाली अडचण काय होती ते लिहा: "खोली लांबट होती, दार मधोमध, दोन मुलांना अभ्यासाची जागा हवी होती." गिऱ्हाईक सुंदर फोटो पाहून थांबतं, पण फोन करतं ते आपली अडचण तिथे दिसली म्हणून. इंटरनेटवरून उचललेले फोटो स्वतःचे म्हणून लावणं ही सरळ फसवणूक आहे, आणि ती उघडी पडायला एक शोध पुरतो.

किती पैसे मागायचे

वर्षाचे कामाचे ४६ आठवडे, आठवड्याचे ४० तास धरले तर १८४० तास होतात. त्यातले निम्मे चौकशा, हिशेब, दुकानं हिंडणं यांत जातात आणि त्यांचे पैसे कुणी देत नाही. उरले साधारण ९००. तुम्हाला वर्षाला लागणारं उत्पन्न, व्यवसायाचा खर्च आणि कर यांची बेरीज करून ९०० ने भागा. आलेला आकडा तासाचा दर. तो पाहून बहुतेकांना घाम फुटतो, आणि म्हणूनच बहुतेक जण मनाला येईल तो आकडा सांगून तोट्यात काम करतात.

गिऱ्हाइकाला तासांवर दर सांगू नका. घड्याळाकडे बघत माणसं मोकळं बोलत नाहीत. तास आतल्या हिशेबासाठी ठेवा आणि बाहेर ठोक रक्कम सांगा. एका खोलीचे तास असे मांडता येतील: मोजमाप ३, आराखडा ६, निवड व दुकानं ८, बैठका ४, देखरेख ८, फोन-निरोप ५. झाले ३४. सुरुवातीच्या कामांत यावर पाव हिस्सा वाढवून साधारण ४२ धरा, कारण फोन-निरोपाचे ५ तास कधीच पाचात संपत नाहीत.

विकायला सुरुवात दोन गोष्टींपासून करा. एक, दोन तासांची सल्ला-भेट आणि नंतर लेखी टिपण. दुसरी, एका खोलीचा पूर्ण आराखडा खरेदीच्या यादीसह, जो गिऱ्हाईक स्वतः राबवेल. माल घेऊन, माणसं लावून सगळं करून देणं हे तिसरं काम, पण ते हाताशी भरवशाची माणसं जमल्यावर.

मालावर नफा लावणार असाल तर आकडेमोड नीट करा. १०० ला घेतलेली वस्तू १२५ ला दिली तर खरेदीवर २५ टक्के चढवले, पण विक्रीतले २० टक्केच सुटले. आणि दुकानदाराचं कमिशन लपवू नका. "मला दुकानातून इतकी सूट मिळते, त्यातली एवढी मी ठेवते," हे करारात लिहून टाका. लपवलेलं कमिशन कधी ना कधी दुकानातल्या नोकराच्या तोंडून बाहेर येतं, आणि त्यानंतर तुमची चोख बिलंही कुणी खरी मानत नाही.

पहिली भेट आणि करार

पहिल्या भेटीत बोलण्याआधी ऐका. घरात कोण कुठे बसतं, चपला-चाव्या-चार्जर कुठे पडतात, कुठली वस्तू काहीही झालं तरी राहणार, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि अंतिम होकार कोणाचा. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. दोघांपैकी एकानेच बैठका केल्या आणि दुसऱ्याने पडदे लागल्यावर नाक मुरडलं, की काम दुप्पट होतं. दोघांच्या सह्या घ्या.

बजेटवर संवाद बहुधा असा होतो:

"बजेटचं नंतर बघू हो, आधी तुम्ही काय ते सुचवा."

"चालेल. फक्त मला दिशा द्या. एवढ्यात रंग, पडदे आणि दिवे होतील. याच्या दुपटीत सोफा आणि गालिचाही. तिपटीत सगळी खोली नवी. तुम्हाला यातलं काय मनात आहे?"

तीन टप्पे समोर ठेवले की माणूस आकडा बोलतो. त्या आकड्यातले १० ते १५ टक्के अनपेक्षित खर्चासाठी बाजूला काढा आणि उरलेल्यातच आराखडा बसवा.

करार दोन पानांचा पुरे, पण वकिलाकडून एकदा वाचून घ्या. कामात काय येतं आणि काय येत नाही, आराखड्यात किती फेरबदल विनामूल्य (दोन ठीक), पैसे कधी, उशीर झाल्यास काय, फोटोंची परवानगी. मापाप्रमाणे बनवलेला माल परत घेतला जात नाही, ही ओळ ठळक असू द्या. मालाचे पैसे पूर्ण हातात आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, आणि ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. एका घराचा बयाणा दुसऱ्या घराच्या सोफ्यात घालायची सवय लागली की धंदा वरून भरभराटीचा दिसतो आणि आतून पोकळ होतो. दुसऱ्याच्या घरात नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा मिळत असेल तर तोही पहिल्या मोठ्या कामाआधी घ्या.

माणसं, क्रम, ताबा

रंगारी, सुतार, पडदे शिवणारा, गादीकाम करणारा, इलेक्ट्रिशियन. प्रत्येकाला आधी छोटं काम देऊन पाहा. हात चांगला असणं महत्त्वाचं, पण अडचण आली की आपणहून फोन करतो का, हे मी त्याहून वर धरेन. सुरुवातीला मजुरी गिऱ्हाइकाने त्यांना थेट द्यावी, म्हणजे त्यांच्या कामाची हमी तुमच्या गळ्यात पडत नाही.

क्रम साधारण असा: विजेचे पॉइंट, छताचं काम, पुट्टी-प्रायमर, रंगाचा पहिला हात, बसवायची कपाटं, रंगाचा शेवटचा हात, दिवे, पडद्याचे रॉड, मोठं फर्निचर, पडदे, गालिचा, आणि शेवटी चित्रं. प्रत्येक वस्तूची एक ओळ तक्त्यात असावी: माप, रंगाचा कोड, कुणाकडून, ऑर्डर कधी, येणार कधी, उतरवून घ्यायला घरी कोण. पोचपावतीवर सही करण्याआधी खोकं उघडून बघा.

गिऱ्हाईक मिळवण्याबद्दल थोडक्यात. एकाच आराखड्याचे अनेक फ्लॅट असलेली इमारत शोधा. तिथलं एक काम चोख झालं की शेजाऱ्यांना आपल्याच घराचा नमुना बघायला मिळतो आणि तुमची मापं अर्धी तयार असतात. कापडाच्या दुकानदारांशी आणि घरविक्रीच्या दलालांशी ओळख ठेवा. इंटरनेटवरच्या नकाशातल्या मोफत नोंदीत आपलं नाव, फोटो आणि अभिप्राय टाका.

काम संपलं की गिऱ्हाइकाबरोबर खोलीत फिरून राहिलेल्या बारीकसारीक गोष्टींची यादी करा, प्रत्येकीपुढे तारीख घाला. कापड कसं धुवायचं, रंगाचा कोड काय, उरलेला डबा कुठे ठेवलाय, हे एका पानावर लिहून द्या आणि शेवटचं बिल त्याच दिवशी हातात ठेवा. महिन्या-दीड महिन्याने एक फेरी मारा. लिननसारखं कापड टांगल्यावर थोडं ओघळतं, त्यामुळे खालची दुमड जमिनीला लागायला लागलेली असू शकते. रॉडचे स्क्रू सैल झालेले असतात. दुमड पुन्हा घालून द्या, स्क्रू आवळा, आणि बसवलेल्या खोलीचे फोटो तेव्हा काढा.